पोकलेन लावण्याआधी नदीचं वाण विचारा

मे महिन्यात खानदेशात दोन यंत्रं हमखास दिसतात. लग्नाच्या मांडवातला मोठा कूलर आणि नाल्यात उतरलेला पोकलेन. कूलरबद्दल माझी काही तक्रार नाही.

पोकलेन उतरतो तिथे काठावर फलक लागतो. योजनेचं नाव, मंजूर रक्कम, लांबी, रुंदी, खोली. हा नाला सातपुड्यातून दगडगोटे लोटत आणणारा आहे, उघड्या खडकावरून वाहणारा आहे, की तापीकाठच्या गाळाच्या मातीत खोल रुतलेला आहे, हे फलकावर नसतं. फलकावर नसलं तर समजू शकतो, पण अंदाजपत्रकातही नसतं. रुंदीकरण, खोलीकरण, सरळीकरण या तीन मात्रा ठरलेल्या. रोगी कोणी का असेना, त्याच उगाळून द्यायच्या.

आमच्याकडचा शेतकरी कपाशीचं पाकीट घेताना वाण विचारतो, जमीन हलकी की भारी ते सांगतो, कोरडवाहू की ठिबकवर तेही सांगतो, आणि मग दुकानदाराचं ऐकतो किंवा ऐकत नाही. रावेर-यावलचा केळीवाला बसराई, श्रीमंती, महालक्ष्मी, ग्रँड नैन यांतला फरक झोपेतही सांगेल. महसूल दप्तराने जमिनीला जिरायत, बागायत, पोटखराबा अशी नावं दिली, पोटखराब्याचेही 'अ' आणि 'ब' वर्ग पाडले. नदी-नाले त्या 'ब' वर्गात बसतात, रस्त्यांच्या शेजारी. सरकारी कागदावर नदीची ओळख काय, तर आकारणी न होणारी जागा.

वर्गवारी अजिबात नाही असं नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळ नद्यांच्या पट्ट्यांना बीओडी (पाण्यातली घाण कुजवायला लागणारा प्राणवायू) बघून पाच प्राधान्यक्रम देतं. लिटरमागे ३० मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिला क्रमांक. पुरासाठी निळी रेषा आणि लाल रेषा आहेत, पहिली २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, दुसरी १०० वर्षांतून एकदा येणाऱ्याची. पाणी किती घाण आणि पाणी किती वर, एवढं आपण मोजतो. पात्राची ठेवण कशी आहे, ती कशाने घडली, हात लावला तर ते पात्र कुठे सरकेल, हे मोजत नाही. माझी मागणी साधी आहे. नदी-नाल्याच्या कोणत्याही कामाला तांत्रिक मंजुरी देण्याआधी त्या पट्ट्यातल्या पात्राचं वाण लिहून घ्यावं, आणि त्या वाणाला न मानवणारं काम नाकारावं.

पट्ट्याचं म्हणतोय, नदीचं नाही. गिरणाच घ्या. सह्याद्रीत उगवते तेव्हा ती दगडांतून उड्या मारणारा ओढा असते. भडगावच्या पुढे तिचं पात्र वाळूचं, रुंद, उथळ. तापीला मिळण्याआधी तीच गाळाच्या उंच दरडींमधून चालते. कागदावर नाव एक आणि प्रत्यक्षात तीन नद्या. 'गिरणा पुनरुज्जीवन' असा एकच आराखडा करणं म्हणजे आजी, सून आणि नात यांना एकाच मापाचं पोलकं शिवणं.

चोपडा, यावल, रावेर तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी जो पट्टा आहे त्याला भूजलवाले बझाडा म्हणतात. डोंगरातून उतरलेली नदी इथे येते आणि उतार एकदम मोडतो. लोटत आणलेले धोंडे, गोटे, खडी पुढे नेण्याचं बळ पाण्यात उरत नाही, ते तिथेच टाकून दिलं जातं. हजारो वर्षं असं टाकत टाकत जाड थर साचलाय आणि नदी स्वतःच त्या थरात जिरते. पावसाळ्यात दोन तास लोंढा, पोळ्यापर्यंत धार, दिवाळीनंतर कोरडे गोटे. (एका नदीचं नावच सुकी आहे. ज्यांनी ठेवलं त्यांनी फारशी कवितेची हौस केलेली दिसत नाही.) असं पात्र एका जागी बसत नाही. ते फुटतं, दोन-तीन धारा होतात, पुढच्या पुरात मधलीच धार मुख्य होते. त्यात आडवा सिमेंट बंधारा घातला तर पाणी अडण्याआधी गोटे अडतात, बंधारा भरून जातो आणि नदी त्याला वळसा घालून शेजारच्या शेतातून निघते. मग संरक्षक भिंत, आणि तिचं वेगळं अंदाजपत्रक.

गंमत अशी की पाणी जिरवायला साऱ्या खानदेशात याच्याइतकी चांगली जागा नाही. तापीच्या मेगा रिचार्ज, म्हणजे नदीचं पाणी जमिनीत जिरवण्याच्या योजनेची चर्चा होते ती या पट्ट्याच्याच भरवशावर, आणि केळीसाठी उपसून खाली गेलेलं पाणी परत भरायचं तर इथेच. म्हणजे इथे करण्यासारखं खूप आहे, पण ते खोल खणणं नाही आणि सरळ करणं तर मुळीच नाही. नदीला पसरायला जागा सोडायची, जुन्या सोडलेल्या धारांत पुराचं पाणी वळवायचं आणि तिथे गोट्यांवर घरं-गोदामं होऊ द्यायची नाहीत. हे काम घनमीटरमध्ये मोजता येत नाही आणि त्याचं उद्घाटनही नीट होत नाही.

तिथून दहा-वीस किलोमीटर दक्षिणेला तापीकाठी जा. सगळं उलटं. तापी ७२४ किलोमीटर वाहते, तिचं खोरं ६५,१४५ चौरस किलोमीटरचं, आणि आपल्या भागात ती गाळाच्या जाड थरात इतकी खोल गेलीय की काठावर उभं राहून पाण्याकडे बघताना विहिरीत डोकावल्यासारखं वाटतं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथे बॅरेज बांधले तरी पाणी शेतात न्यायला पंपच लावावे लागतात, ते यामुळे. या उंच काठांना ठिकठिकाणी घळी पडल्या आहेत. कालच्या सपाट शेतात आज दोन पुरुष खोल भेग, आणि दर पावसाळ्यात तिचं टोक थोडं आत सरकलेलं.

अशा मातीतला नाला तीन मीटर खाली नेला तर काय होतं? त्याला मिळणाऱ्या प्रत्येक ओहोळाच्या तोंडाशी एक पायरी तयार होते. पाणी त्या पायरीवरून पडतं, पायथा पोखरतं, पायरी कोसळते आणि वर सरकते. हे पायरी सरकणं नाल्याच्या हद्दीत थांबत नाही, ते बांधाला लागतं, पाणंद रस्त्याला लागतं, छोट्या पुलाच्या पायाला लागतं. मग काठ उभे होतात, ढासळतात, नाला रुंदावतो आणि पुष्कळ वर्षांनी खालच्या पातळीवर नव्याने स्थिरावतो. भूरूपशास्त्रज्ञ स्टॅन्ले शूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली अमेरिकेतल्या सरळ केलेल्या नाल्यांवरून हा क्रम टप्प्याटप्प्याने मांडला होता. आपण तोच प्रयोग सरकारी खर्चाने करून बघतोय आणि त्याला जलसंधारण म्हणतोय.

इथे शिरपूरबद्दल बोलायलाच हवं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकरांच्या मार्गदर्शनाखाली शिरपूर तालुक्यात २००४ पासून नाले रुंद आणि खोल झाले, त्यावर दारं नसलेले बंधारे झाले, आणि विहिरींना पाणी आलं म्हणून महाराष्ट्रभरातून गाड्या भरून लोक ते बघायला आले. त्या कामामागे एक निदान होतं. तालुक्यात एकीकडे बेसाल्ट, दुसरीकडे गाळाची जमीन. गाळात पिवळ्या चिकणमातीचे थर, जे पाणी खाली उतरू देत नाहीत. ते थर कापले तर खालच्या वाळूत पाणी जाईल, असा विचार. तो प्रत्येक नाल्यात बरोबर ठरला का यावर वाद होऊ शकतो आणि झालाही. पण विचार त्या जमिनीचा होता.

पुढे जे पसरलं त्यात विचार मागे राहिला आणि पोकलेन पुढे गेला. निदान शिरपूरचं आणि औषध मराठवाड्याला, विदर्भाला, दक्षिण खानदेशातल्या उघड्या खडकालाही. डिसेंबर २०१४ मध्ये जलयुक्त शिवार अभियान आलं आणि नाला खोलीकरण हा त्याचा सगळ्यात दिसणारा भाग झाला. ज्येष्ठ अर्थतज्ज्ञ ह. मो. देसरडा त्याच्या अशास्त्रीयपणाविरुद्ध उच्च न्यायालयात गेले. माजी मुख्य सचिव जॉनी जोसेफ यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली. पाझर क्षेत्र (पाणी जमिनीत मुरतं ती जागा) आहे की निस्सारण क्षेत्र (भूजल बाहेर पडतं ती जागा), खाली मुरूम आहे की पाषाण, हे प्रश्न भूजलाच्या अंगाने तेव्हा विचारले गेले. पात्राच्या अंगाने मात्र फारसे कोणी विचारले नाहीत, की हा नाला सध्या खाली जातोय, वर येतोय की ठरून बसलाय?

उदाहरण घरातच आहे, तरी आपण विसरतो. पांझरेवरची फड पद्धत. साक्रीकडे गेलं की नदीच्या पात्रात जुने दगडी बंधारे दिसतात, त्यातून निघालेला पाट, पाटावरून चाऱ्या, फडांत विभागलेलं शिवार, पाणी सोडायला पाटकरी, राखणीला जागल्या. लोक फडाचं कौतुक सहकार म्हणून करतात. ते खरंच आहे, पण माझ्या मते अर्धंच. फडाचे बंधारे नदीत कुठेही घातलेले नाहीत. पात्रात खडक उघडा पडलाय, काठ फार उंच नाहीत आणि थोड्याच अंतरावर पाटाचं पाणी आपोआप शेतावर चढतं, अशा जागा हेरून ते बसवलेत. पांझरा, मोसम, आरम यांच्यावर फड आहेत आणि भल्यामोठ्या तापीवर नाहीत, याचं कारण तिथल्या लोकांत एकी नव्हती हे नव्हे, तिथे पात्र खोल आणि बूड मऊ. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या पाटकऱ्याला मी विचारलं, "आबा, ही जागा कशी ठरवली असेल?" त्यांनी माझ्याकडे जरा दयेनेच बघितलं. "पहिले खडक दखा, मंग बांध घाला." वर्गवारीचा यापेक्षा छोटा ग्रंथ मला माहीत नाही.

याच पांझरेने एका तरुण इंजिनिअरला धडा दिला होता. १८८४ मध्ये नुकतेच नोकरीला लागलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या खानदेशात आले आणि दातर्तीजवळ पांझरेच्या पात्राखालून पाटाचं पाणी नेणारा पाइपचा सायफन बांधण्याचं काम त्यांच्याकडे आलं. पूर आणि वाळू यांनी ते काम अडवलं होतं, पण त्यांनी ते पुरं केलं. पांझरा तेव्हा आपल्या पात्राखाली काय चाललंय याची दखल घ्यायला लावायची. आता धुळ्यात तिच्या दोन्ही काठांनी रस्ते आहेत. १८७२ च्या पुराने याच शहराची मोठी हानी केली होती, हे गॅझेटिअर उघडणाऱ्यालाच आठवतं.

नदीच्या रूपांची वर्गवारी करण्याचा खटाटोप जगात जुना आहे. १९५७ मध्ये लिओपोल्ड आणि वोल्मन या अमेरिकी नदी-अभ्यासकांनी पात्रं सरळ, नागमोडी आणि अनेकधारी अशी तीन ठळक रूपांत बघितली. यातली सरळ म्हणजे निसर्गात दुर्मीळ, हे लक्षात ठेवण्यासारखं, कारण आपल्या योजनांना तीच सर्वात प्रिय. १९९४ मध्ये डेव्हिड रॉसगेन यांनी ए ते जी अशी अक्षरं देऊन पद्धत बांधली. पात्र किती रुतलेलं, रुंदी-खोलीचं प्रमाण काय, वळणं किती, उतार किती, बुडाशी खडक, गोटे, वाळू की गाळ. दोरी, लेव्हल आणि वही घेऊन कोणीही शिकेल अशी ती होती, म्हणून अमेरिकेत प्रचंड चालली.

आणि तिथेच फसलीही. कॅलिफोर्नियात उवास क्रीक नावाच्या ओढ्याला नोव्हेंबर १९९५ मध्ये वर्गवारीच्या आधारे छान नागमोडी पात्र करून दिलं. फेब्रुवारी १९९६ च्या पुरात ते वाहून गेलं. नदी-अभ्यासक मॅथायस कोंडॉल्फ आणि सहकाऱ्यांनी त्या ओढ्याचा इतिहास तपासला तेव्हा दिसलं की तो मुळात तसा नागमोडी कधी नव्हताच. तो गोटे-खडी आणणारा, धारा बदलणारा, आपल्या बझाड्याच्या नद्यांच्या जातकुळीचा. चिकटवलेलं अक्षर चुकलं आणि पात्र गेलं.

वर्गवारीच्या विरोधात हा सर्वात वजनदार मुद्दा आहे आणि मी तो टाळणार नाही. आकाराचं नाव म्हणजे निदान नव्हे. तापाचा आकडा सांगून मलेरिया की टायफॉइड हे कळत नाही. ऑस्ट्रेलियात ब्रायर्ली आणि फ्रायर्स या अभ्यासकांनी बांधलेली पद्धत म्हणून मला जास्त पटते. ती आकाराबरोबर हा पट्टा कसा वागतो, आधी कसा होता, वरून गाळ किती येतो, पुढे कुठे जाईल, हेही विचारते. आयआयटी कानपूरच्या राजीव सिन्हा यांनी ही दृष्टी गंगेच्या खोऱ्यात वापरून दाखवली आहे, म्हणजे ती आपल्या देशाला परकी राहिलेली नाही.

आपल्याकडे एक अडचण आणखी आहे. परदेशी पद्धती 'काठोकाठ भरलेलं पात्र' या मापावर उभ्या आहेत, आणि तिकडे साधारण दीड-दोन वर्षांतून एकदा येणारा पूर ते पात्र भरतो. पावसाळी नद्यांचं गणित वेगळं. पुणे विद्यापीठातले भूरूपशास्त्रज्ञ विश्वास काळे यांच्या तापी-नर्मदेवरच्या कामातून दिसतं की या नद्यांची मोठी पात्रं क्वचित येणाऱ्या प्रचंड पुरांनी कोरलेली असतात आणि त्यांच्या पोटात रोजच्या पावसाचं लहान पात्र असतं. पात्रात पात्र. ऑगस्ट १९६८ आणि ऑगस्ट २००६ मध्ये सुरतेने तापी बघितली ती मोठ्या पात्राची. आठ महिने आपण बघतो ती धाकटी, आणि त्या धाकटीची रुंदी बघून प्लॉट पाडतो. ३१ ऑगस्ट २०२१ रोजी चाळीसगावात तितूर आणि डोंगरी या नद्यांनी थोरलं पात्र मागून घेतलं. त्याच रात्री कन्नड घाटात दरडी कोसळल्या. डोंगर उतरून सपाटीला आलेल्या नद्यांचं ते वाण होतं, त्यात आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. आपल्याला आश्चर्य वाटलं.

वाळूबद्दल थोडक्यात, कारण त्यावर रोजच छापून येतं. गिरणा धरण १९६९ चं. तेव्हापासून वरची वाळू धरणात अडते. खालच्या पात्रात आहे ती जुनी शिल्लक आणि तितूरसारख्या उपनद्या आणतील ती भर. वाळूगटाचा लिलाव करताना हा हिशेब कुठे असतो? गाळ सोडून आलेलं पाणी पुढे जाऊन बूड आणि काठ खातं. कोंडॉल्फ त्याला भुकेलं पाणी म्हणतात. वरून भूक आणि खालून डंपर. वाळूच्या पात्रात उन्हाळ्यात झिरे काढून गावं पाणी पीत होती, टरबूज-डांगराच्या वाड्या होत होत्या. वाळू गेली की नदी राहते, झिरा राहत नाही. धरणाखालच्या वाळूच्या पट्ट्यात लिलावच नको, असं माझं मत आहे. चोरी थांबवणं हे पोलिसांचं आणि तहसीलदारांचं काम, पण कायदेशीर उपसाही तिथे नदीला पेलणारा नाही.

आता नेहमीचा आक्षेप. "शेतकऱ्याच्या विहिरीला पाणी नाही आणि तुम्ही नदीचे आकार मोजत बसता?" हा आक्षेप करणाऱ्यांत माझे भाऊबंदही आहेत. त्यांना मी एवढंच म्हणतो, भाऊ, खर्च तोच आहे, जागा बदला. गोट्यांच्या पट्ट्यात पाणी पसरवा, खडकाच्या पट्ट्यात जुने फड बंधारे दुरुस्त करा, गाळाच्या पट्ट्यात नाला खोल करण्याऐवजी घळींच्या टोकाशी पायऱ्या थोपवा. पाणी कमी होणार नाही. कमी होईल ते घनमीटर, आणि खरी अडचण तिथेच आहे. यंत्राचं बिल खणलेल्या मातीवर निघतं. एम.बी.मध्ये (कामाच्या मोजमाप वहीत) माती भरता येते, न खणलेला नाला भरता येत नाही. ही पद्धत वाईट माणसांनी बनवली असं नाही. मोजायला सोपं ते मोजलं गेलं, आणि जे मोजलं गेलं तेच काम झालं.

एकदा बिघडवलेलं परत करणं किती महाग असतं ते फ्लोरिडात दिसलं. किसिमी नदी १०३ मैल वळत जायची. १९६२ ते १९७१ मध्ये तिचा ५६ मैलांचा सरळ कालवा केला. दलदल सुकली, पक्षी गेले, आणि १९९९ पासून २०२१ पर्यंत कालव्याचे भाग बुजवून वळणं परत देण्याचं काम चाललं, तेही सगळ्या नदीचं नाही. आपण ज्या नाल्याला लाखांत सरळ करतो त्याला वळण परत द्यायला पैसे कोणाकडे असतील?

२ ऑक्टोबर २०२२ रोजी सेवाग्रामहून 'चला जाणूया नदीला' अभियान निघालं तेव्हा मला बरं वाटलं होतं, कारण त्यात नदीकाठाने चालणं होतं. चालल्याशिवाय वाण कळत नाही. पण नुसतं चालून निघालेला अहवाल कपाटात जातो. तो अंदाजपत्रकाला टाचला गेला पाहिजे. एक पान पुरे. बुडाशी काय आहे, काठ किती उंच आणि कशाचे, धारा किती, वळणं किती, जुन्या टोपोशीटवर आणि वीस वर्षांपूर्वीच्या उपग्रह चित्रात हेच पात्र कुठे होतं, वर धरण किंवा वाळूगट आहे का, खालच्या बाजूला बूड कापलं जातंय का, आणि गावातल्या दोन जाणत्यांनी सांगितलेली सर्वात मोठ्या पुराची खूण. धुळे, जळगाव, नंदुरबारच्या महाविद्यालयांत भूगोलाचे विभाग आहेत. दरवर्षी मुलं क्षेत्रभेटीला कुठेतरी लांब जातात आणि धबधब्यासमोर फोटो काढून येतात. त्यांना बोरी नदीवर पाठवा.

बोरीवर यासाठी की अमळनेरला तिच्या पात्रात सखाराम महाराजांची समाधी आहे आणि वैशाखात वाळवंटात यात्रा भरते. पात्र ही सगळ्यांची जागा आहे हे तिथे कोणाला पटवून द्यावं लागत नाही. त्या वाळवंटात उभं राहून मुलांनी पहिलं पान भरावं: बूड वाळूचं, की खाली खडक लागतो? मग तामसवाडीच्या धरणापर्यंत वर चालत जावं आणि पट्टा कुठे बदलतो तिथे थांबून दुसरं पान काढावं. मार्चपर्यंत हे होऊ शकतं. पोकलेन मे महिन्यात येतो.